जंगली, किरकोळ

अप्पांनी शिकवलं ते असं:
लाकडाशी आधी बोलायचं नाही.
पटाशीनं टोकाचा एक कपचा काढायचा,
थुंकी लावायची, उन्हात धरायचा.
सागाला जुन्या चामड्याचा वास येतो.
बिबल्याचा भुसा भिजवलेलं पाणी
उन्हात निळं दिसतं, सावलीत चहासारखं.
धावडा कुऱ्हाड परत पाठवतो.
आणि अंजनात खिळा वाकतो, जात नाही;
तुकडा बादलीत टाकला
तर एकच बुडबुडा सोडून दगडासारखा तळाला बसतो.

एवढं आलं, की शेवटचं:
ओळखलंस तरी नाव घ्यायचं नाही.
नाव घेतलं की भाव चढतो.
कान खाजवायचा आणि म्हणायचं,
जंगली आहे. किरकोळ.

अक्कलकोट रस्त्यावरची आमची वखार,
मे महिना, पत्रा कडकड वाजत होता.
पोशव्वा गड्डम हातगाडी घेऊन आल्या
भद्रावती पेठेतून; नातू ढकलत होता.
गाडीत एक खड्डामाग, सुटा करून बांधलेला,
पावड्या, खांब, फणीची चौकट,
धोटे एका पिशवीत,
आणि सगळ्याच्या खाली रूळ.
"बेकरीवाला सात रुपये किलो म्हणतो.
तुम्ही आठ द्या."

नातवाला एकट्याला तो रूळ उचलेना.
साडेचार फूट, चौकोनी, तेलानं काळा,
विणणाऱ्याचं पोट टेकायचं तिथं
आरशासारखा गुळगुळीत.
मी टोक पाहिलं. कपचा घेतला. थुंकी लावली.
काळसर तांबडा, आत जांभळी रेघ.
फरशीवर टेकवला तेव्हा जो आवाज झाला
त्यावर मागच्या खाटेवर अप्पा हलले.
मोतीबिंदूनं डोळे गेलेत त्यांचे,
पण त्यांनी कान खाजवला.

मी म्हणाले, "अंजन आहे हा."
का म्हणाले, माहीत नाही.
उकडत होतं बहुतेक.

अप्पा खोकले.
पोशव्वांनी पदरानं मान पुसली.
"येपी," त्या म्हणाल्या. "आमच्यात येपी म्हणतात.
सासऱ्यानं करीमनगरकडून आणला, बैलगाडीनं.
आता घनफुटाचा भाव बोल."

"माहीत होतं तर जळण का म्हणालात?"

"बघत होते, तू काय म्हणतेस.
ह्याच्या जोडीचा रूळ सासूनं तुझ्या बापाला दिला होता.
त्यानं कान खाजवला होता."

मग तासभर घासाघीस.
मी पंधराशे म्हणाले, त्या तीन हजार.
बाविसशेवर थांबलो, बाकीचं आठ रुपये किलो.
खांब साग म्हणून आणले होते, ते साग नव्हते;
तेही मी सांगितलं, तेव्हा मात्र त्या चिडल्या,
तुला काय कळतंय म्हणाल्या, आणि नातवाला
नोटा दोनदा मोजायला लावल्या.
धोट्यांची पिशवी परत नेली.

रूळ पुण्याचा एकजण घेऊन गेला.
दिव्याचा खांब करणार आहे म्हणे, हॉटेलात.
त्यानं लाकडाचं नाव विचारलं. सांगितलं.
पैसे जास्तच दिले त्यानं.

रात्री अप्पांच्या वह्या काढल्या.
लाल कापडाच्या, एकतीस वर्षांच्या.
अक्षर सुंदर त्यांचं, मोडीचं वळण असलेलं.
जंगली, किरकोळ, नग तीन.
जंगली, किरकोळ, नग अकरा, जड.
जंगली, किरकोळ. जंगली, किरकोळ. दाराची चौकट, जंगली.
बैलगाडीचा आख, किरकोळ.
जिथं "जड" लिहिलंय तिथं मी बोट ठेवत गेले.
आणणाऱ्याचं नाव कुठंच नाही.
त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल,
आणि किती जण
त्या कानाकडे बघत उभे राहिले असतील,
ह्याचा हिशेब कोणत्या मापानं करतात
ते अप्पांनी शिकवलेलं नाही.

विचारायला गेले तर ते झोपले होते,
किंवा डोळे मिटून पडले होते.
त्यांच्या बाबतीत आता ते ओळखता येत नाही.